आधी दलदल, मग तळं : हेन्डरसनच्या परसातली पाण्याची वाट



हेन्डरसन हे ऑकलंड शहराच्या पश्चिमेचं उपनगर. इथली जुनी घरं बहुतेक बैठी, लाकडी, पुढे थोडी हिरवळ आणि मागे परस. या परसात एखादं छोटं तळं असावं, त्यात वरून झुळझुळ पाणी यावं, अशी हौस पुष्कळांना असते. मग घरातली वडील मंडळी म्हणतात, "नको रे बाबा, डास होतील, पोरं पाण्यात पडतील." आणि नातवंडं विचारतात, "मासे कधी आणायचे?" दोघांचंही बरोबर आहे. म्हणून हा लेख आजी-आजोबा आणि नातवंडं अशा दोघांसाठी लिहीत आहोत.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. परसात तळं करायचं तर सुरुवात तळ्यापासून करू नका. आधी पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघा. ते पाणी थांबायला आणि मुरायला एक दलदलीची जागा करा. तळं त्यानंतर. नुसता खड्डा खणून, प्लास्टिक घालून वर पाणी ओतलं तर त्याचा हौद होतो. तळ्याला पाणी येण्याची वाट लागते आणि जाण्याचीही.

डोंगरापासून खाडीपर्यंत

ही गोष्ट हेन्डरसनमध्ये शिकायला पुस्तक नको. पश्चिमेला वायताकेरेच्या डोंगररांगा आहेत. तिथे पडलेला पाऊस ओपानुकू आणि ओरातिया या दोन ओढ्यांतून खाली येतो. हे दोन्ही ओढे हेन्डरसनच्या मध्यवस्तीजवळ एकमेकांना मिळतात, त्यांची खाडी होते, आणि ती पुढे वायतेमाता बंदरात जाते. या खाडीचं माओरी नाव 'ते वाई ओ पारेइरा'. माओरी भाषेत 'वाई' म्हणजे पाणी. आपल्याकडे कृष्णेच्या काठी वाई गाव आहे, त्यामुळे हा शब्द आपल्या मुलांच्या लक्षात लगेच राहतो!

एकोणिसाव्या शतकात इथे कौरी नावाच्या प्रचंड झाडांची तोड झाली. थॉमस हेन्डरसन यांची लाकूड कापायची गिरणी होती, त्यांच्याच नावावरून या जागेचं नाव पडलं. वायताकेरेच्या ओढ्यांवर लाकडी बांध घालून पाणी अडवायचे आणि मग ते एकदम सोडून ओंडके खाली लोटायचे. ओढ्यांचे काठ त्यात खरवडून निघाले. पुढे फळबागा आल्या, क्रोएशियाच्या डाल्मेशिया भागातून आलेल्या लोकांनी द्राक्षमळे केले, आणि त्यानंतर घरं आली, अगदी ओढ्याच्या काठापर्यंत.

ओढ्याच्या काठी घर म्हणजे पुराची भीती आलीच. २००३ साली वायताकेरे नगरपालिकेने 'प्रोजेक्ट ट्विन स्ट्रीम्स' नावाचं काम हाती घेतलं. पुराच्या पट्ट्यातली घरं आणि परसांचे तुकडे विकत घेऊन काठ मोकळे केले. शाळेची मुलं, शेजारपाजारचे लोक, सगळ्यांनी मिळून तिथे लाखो देशी झाडं लावली. काठाने चालायची आणि सायकलची वाट झाली. ती नगरपालिका २०१० साली ऑकलंड कौन्सिलमध्ये विलीन झाली, पण झाडं उभी आहेत. आजोबांनी नातवंडांना घेऊन त्या वाटेने एकदा जरूर फिरून यावं. पाण्याला जागा दिली की ते कसं शहाण्यासारखं वागतं ते तिथे दिसतं.

आणि जागा दिली नाही तर काय होतं तेही इथल्या लोकांनी पाहिलं आहे. २७ जानेवारी २०२३, शुक्रवार. त्या दिवशी ऑकलंडमध्ये काही ठिकाणी चोवीस तासांत २४० मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला. चार माणसं गेली. पश्चिम ऑकलंडमध्येही घरांत पाणी शिरलं, आणि नंतर सरकार आणि कौन्सिलला पुन्हा एकदा धोक्यातली घरं विकत घ्यावी लागली. मुंबईच्या माणसाला २४० मिलीमीटरचं विशेष वाटणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पडला होता. पण कारण दोन्हीकडे मिळतंजुळतं : नदीच्या बाजूची मुरायची, पसरायची जागा आपण सिमेंटने भरून टाकली.

खरं सांगायचं तर परसातल्या तळ्याने असा पूर थांबत नाही. तळं आधीच भरलेलं असतं, त्यात आणखी पाणी कुठे मावणार? पाणी थांबवायची ताकद असते ती दलदलीत, म्हणजे जी जागा पावसात भरते आणि नंतर हळूहळू रिकामी होते तिच्यात. म्हणून आमचा दलदलीचा आग्रह.

कोकणातली वाडी आठवा

दलदल म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण अलिबाग, रेवदंडा, नांदगाव, मुरुड या बाजूची जुनी वाडी आठवून बघा. विहिरीवर रहाट. रहाटाने वर आलेलं पाणी पाटाने वाहत जायचं आणि नारळी-पोफळीच्या आळ्यांत शिरायचं. वाडी शिपायची म्हणजे पाटाची तोंडं बांधायची आणि सोडायची, आणि हे काम पोरंसुद्धा करायची. न्हाणीचं सांडपाणी वाया जात नसे. ते जिथे जाऊन थांबायचं तिथे अळू आणि केळी. पावसाळ्यात अळूवडी व्हायची ती त्याच पाण्यावर.

उंचावर पाणी, उतारावर पाट, मध्ये साठा आणि शेवटी दलदल : हेन्डरसनच्या परसात आपल्याला हेच करायचं आहे. रहाटाच्या जागी छोटा विजेचा पंप आला, एवढाच फरक.

इस्राएलमधल्या आपल्या वाचकांना तर दलदलीची किंमत सांगायलाच नको. गालीलमधला हुला तलाव आणि त्याची दलदल १९५१ ते १९५८ या काळात आटवली, कारण शेतीला जमीन हवी होती आणि हिवतापाची आठवण ताजी होती. पण खालची कुजट काळी माती वाळली, ती खचू लागली, कधी आतून धुमसू लागली, आणि तिच्यातला नायट्रेटचा अंश किनेरेटच्या पाण्याकडे वाहू लागला. शेवटी १९९४ साली थोड्या भागात पुन्हा पाणी सोडलं. आता तिथे हजारो क्रौंच पक्षी उतरतात. मुलांनो, गंमत ऐका. हुलाचा एक ठिपकेवाला बेडूक होता. तो पृथ्वीवरून नाहीसा झाला असं १९९६ साली जाहीर करून टाकलं होतं. २०११ साली तो आपला आपण पुन्हा सापडला!

न्यूझीलंडनेही आपल्या मूळच्या दलदलींपैकी सुमारे ९० टक्के गमावल्या आहेत. माओरीत दलदलीला 'रेपो' म्हणतात. परसातली एक लहानशी रेपो त्या हिशेबात काही मोठी नाही, पण किडामुंगीला आणि पक्ष्याला तेवढी पुरते.

कागदावर आधी, कुदळ नंतर

पहिलं काम : एका पावसाच्या दिवशी छत्री घेऊन परसात उभे राहा. छपराचं पाणी कुठे पडतं, कुठे साचतं, शेजाऱ्याकडे कुठून जातं, ते कागदावर काढा. मुलांसाठी हिशेब सोपा आहे : एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मग १०० चौरस मीटरच्या छपरावर २० मिलीमीटर पाऊस पडला तर किती? २,००० लिटर! एका दिवसात आख्खं छोटं तळं भरलं.

दुसरं, जागा. न्यूझीलंडला सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो, हे भारतातून किंवा इस्राएलमधून आलेल्या माणसाला सवयीचं नसतं. इथे घराची दक्षिण बाजू सावलीची. तळ्याला अर्धा दिवस तरी ऊन मिळालं पाहिजे. मोठ्या झाडाखाली नको, पाचोळा पडून पाणी कुजतं. स्वयंपाकघराच्या किंवा बसायच्या खोलीच्या खिडकीतून दिसेल अशी जागा निवडा. त्यात दोन फायदे : गुडघे दुखणाऱ्या आजीला घरबसल्या पाणी दिसतं आणि मुलांवर नजर राहते. खणण्याआधी विजेच्या तारा आणि नळ जमिनीतून कुठून जातात त्याची चौकशी करा. खरा ओढा तुमच्या कुंपणाला लागून असेल, किंवा तुमचं परस पुराच्या पट्ट्यात असेल, तर कौन्सिलला विचारल्याशिवाय कुदळ मारू नका.

तिसरं, माती. इथली माती बहुतेक चिकण. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच उभं असेल तर चिकणमाती भरपूर आहे समजा. हिवाळ्यात ती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात.

आता आराखडा. समजा, तळं ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि मध्यभागी ५० सेंटीमीटर खोल. कडा उतरत्या ठेवायच्या, नदीच्या घाटासारख्या पायऱ्या करायच्या, म्हणजे झाडं लावायला जागा होते आणि बेडकाला चढउतार करता येते. अशा तळ्यात अंदाजे दीड ते दोन हजार लिटर पाणी मावतं. तळाशी घालायच्या जाड रबरी चादरीचं माप असं काढतात : लांबी, अधिक दोनदा खोली, अधिक दोन्ही कडांना ३०-३० सेंटीमीटर. म्हणजे ३ + १ + ०.६ = ४.६ मीटर लांब. तसंच २ + १ + ०.६ = ३.६ मीटर रुंद. चादरीखाली जुनी सतरंजी किंवा वाळूचा थर द्या, दगड टोचत नाही.

तळ्याच्या वरच्या बाजूला, हातभर उंचीवर एक लहान कुंडी करा. पंप तळ्यातलं पाणी पाइपने या कुंडीत चढवणार आणि तिथून ते पाटाने परत खाली येणार. पाटाचीही चादर असते. ती तळ्याच्या चादरीवर चढलेली हवी, कौलावर कौल बसतं तशी, नाहीतर पाणी फटीतून मातीत जातं. पाट सरळ उताराचा न करता पायऱ्यापायऱ्यांचा करा. प्रत्येक पायरीला पाणी थोडं थांबावं, म्हणजे पंप बंद केला तरी पाट अगदी कोरडा पडत नाही. एक वीतभर रुंद धारेला तासाला २,००० लिटरच्या आसपास पाणी फिरवणारा पंप पुरतो. तेवढ्यात तळ्याचं सगळं पाणी तासाभरात एकदा फिरून येतं.

मुलांसाठी आणखी एक हिशेब. पाट ४ मीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि त्यात ५ सेंटीमीटर पाणी, म्हणजे ६० लिटर. हे पाणी तळ्यातूनच वर जाणार. तळ्याचा वरचा पसरा ६ चौरस मीटर, तेव्हा पंप चालू केल्यावर तळं किती उतरेल? एक सेंटीमीटर. म्हणजे काळजी नाही. पण पाट लांब आणि तळं लहान असेल तर पंप बंद करताच तळं भरून वाहील. म्हणून हा हिशेब आधी करायचा.

विजेचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. पाणी आणि वीज यांच्यामध्ये आपण हात घालू नये.

दलदलीची जागा

तळ्याच्या एका कडेला दोन बोटं खोल खाच ठेवा. जास्तीचं पाणी तिथूनच बाहेर पडावं, आणि खालच्या बाजूच्या दलदलीत जावं. दलदल म्हणजे ४० सेंटीमीटर खोल खड्डा, साधारण ३ चौरस मीटरचा. त्यात चादर घातली तर तिला भोकं पाडा, म्हणजे ओल राहील पण पाणी अडकून कुजणार नाही. चिकणमाती असेल तर चादर नसली तरी चालते. खाली खडी, वर माती आणि वाळू. मातीची पातळी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १० सेंटीमीटर खाली ठेवली तर मोठ्या सरीत तिथे ३०० लिटर पाणी बशीसारखं थांबतं आणि मग सावकाश जिरतं. दलदलीलाही बाहेर पडायची वाट हवी, आणि ती घराच्या पायाकडे किंवा शेजाऱ्याच्या दाराकडे जाता कामा नये. पन्हळीचा पाइप या व्यवस्थेला जोडायचा असेल तर प्लंबरला दाखवून घ्या.

इथली देशी झाडं यासाठी उत्तम. ओइओई नावाचं वेतासारखं बारीक गवत, पुरेई नावाचं झुपकेदार लव्हाळं, थोड्या उंच जागी हाराकेके. याच्या पानांच्या टोपल्या माओरी बायका विणतात. राउपो म्हणजे आपल्या पाणकणसाचा भाऊ, पण तो हातपाय फार पसरतो, लहान परसात नको. लावणीचा हंगाम मे ते ऑगस्ट. 'तू बिश्वत'ला झाड लावायची आपली हौस असते, पण इथे तो सण भर उन्हाळ्यात येतो. त्या दिवशी लावलं तर पुढे दोन महिने रोज पाणी घालायची तयारी ठेवा.

आणि अळू? हो, अळू होतो! पॅसिफिक बेटांवरच्या लोकांचा तारो म्हणजे अळूच. माओरी लोकांनीही तो शेकडो वर्षांपूर्वी इथे आणला. दलदलीच्या कडेला, उबदार कोपऱ्यात तो चांगला धरतो, थंडीत जरा रुसतो. दोन गोष्टी मात्र सांभाळा. ऑकलंडमध्ये 'एलिफंट्स इअर' नावाचं रानटी झाड वाढतं, दिसायला अळूसारखं, पण विषारी. ते खाल्लं तर तोंड आणि घसा जळतो. ओळखीच्या माणसाने दिलेल्या कंदाखेरीज दुसरा लावू नका. आणि छपराला जुना, शिशाचा रंग असेल तर त्या पाण्यावरचा अळू फक्त बघायला, खायला नाही.

वडील मंडळींसाठी एक खास सूचना. इथे पिशवीत मिळणाऱ्या मातीत आणि खतात लीजनेला नावाचे जंतू असू शकतात, त्यांच्यामुळे न्यूमोनिया होतो. पिशवी उघडताना नाकातोंडाला मास्क, हातात मोजे, आणि नंतर हात स्वच्छ धुवा.

डास, मासे आणि लहान मुलं

डासांची भीती आपल्या रक्तात आहे. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचा संबंध विहिरींशी लावला आणि मग कितीतरी विहिरी बुजवल्या, झाकल्या. न्यूझीलंडमध्ये हिवतापाचा डास नाही. पण चावणारे डास आहेतच. त्यांच्या अळ्यांना स्थिर पाणी लागतं, आणि उबदार हवेत आठदहा दिवसांत अळीचा डास होतो. वाहत्या पाटात त्यांचं जमत नाही. तळ्यात चतुर आले की त्यांची पिल्लं पाण्यातल्या अळ्या खातात. खरे कारखाने असतात ते कुंडीखालच्या बश्या, तुंबलेली पन्हळ आणि उघडं पिंप. पिंपाला जाळी बांधा. दलदलीवर पाणी दोनतीन दिवसांपेक्षा जास्त उभं राहू देऊ नका.

मुंबईत गप्पी मासे सोडतात तसे इथे सोडू म्हणाल तर थांबा. गॅम्बुसिया हा डास खाणारा मासा इथे बंदीचा आहे, तो देशी माशांना त्रास देतो. कोई मासाही बंदीचा. गोल्डफिश चालतो, पण तो कधीही ओढ्यात सोडायचा नाही. जलपर्णी तर नावसुद्धा काढू नका! निळ्या फुलांसाठी हौसेने तळ्यात आणलेली ही वनस्पती आपल्या नद्यांचं काय करते ते पुण्या-कोल्हापूरच्या लोकांना विचारा. न्यूझीलंडमध्ये ती विकायला किंवा वाढवायला कायद्याने मनाई आहे.

नळाचं पाणी भरलंत तर त्यात क्लोरीन असतं. मासे सोडण्याआधी ते मारणारं औषध पाण्यात घाला. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. मे २०२० मध्ये दुष्काळामुळे ऑकलंडमध्ये घरच्या नळीने बागेला पाणी घालायला बंदी आली होती. त्या वेळी ज्यांच्याकडे पावसाचं पिंप होतं त्यांचीच बाग हिरवी राहिली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोहण्याच्या तलावाला, तो ४० सेंटीमीटर किंवा जास्त खोल असेल तर, इथे कुंपण सक्तीचं आहे. शोभेच्या तळ्याला तो नियम नाही. पण पाण्याला कायदा कळत नाही. रांगतं, दुडदुडतं मूल चार बोटं पाण्यातही बुडू शकतं. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, किंवा नातवंडं येऊन-जाऊन असतील, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे : आत्ता फक्त दलदल करा, उघडं पाणी नको. तळ्याची जागा राखून ठेवा, मुलं मोठी झाली की त्यांच्याच हातून खणून घ्या. तळं आधीपासून असेल तर कुंपण घाला, आणि पाण्याच्या जरा खाली मजबूत लोखंडी जाळी बसवा. तरी मुलाला एकटं सोडायचं नाही ते नाहीच.

दलदल एकटीच असली तरी मुलांची करमणूक कमी होत नाही. कधी पुकेको येतो, निळा-जांभळा अंगरखा आणि लाल चोच. आपल्या तळ्यांवरच्या जांभळ्या पाणकोंबडीचा हा सख्खा नातेवाईक. ओढ्यावर गेलात तर पुलाखाली लांबपंखी ईल मासा बघा. हा खवल्यांचा मासा नाही, आपल्या ताटात येत नाही, पण त्याचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. कित्येक दशकं तो ओढ्यात राहतो, आणि म्हातारपणी अंडी घालायला पार टोंगाच्या बाजूच्या समुद्रात जातो. पिल्लं लाटांबरोबर परत इथल्या ओढ्यांत येतात. तुमच्या परसातलं जास्तीचं पाणीही शेवटी त्याच ओढ्यात जाणार. म्हणून त्यात साबण, रंग, तणनाशक काही जाऊ देऊ नका.

तेव्हा येत्या मे महिन्यात, पहिला चांगला पाऊस झाला की कागद-पेन्सिल आणि छत्री काढा. आजोबांनी वाडीचे पाट कसे होते ते सांगावं, नातवंडांनी मापं घ्यावीत आणि लिटरचे हिशेब करावेत. खड्डा एकच खणा, खालच्या बाजूचा, दलदलीचा. एक हिवाळा तिच्यात पाणी कसं येतं, किती थांबतं आणि कुठून जातं ते नीट बघा. त्यावरून पुढच्या वर्षी तळं कुठे आणि केवढं करायचं ते ठरवता येईल.